गिटारमधली सनई मागे पडली

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आज पनवेलजवळच्या एका गावात हळदीला गिटार वाजवायला गेलो होतो. लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमुळे माझ्या गिटारमधून सनईचा आवाज निघतो. घरी छान जमलं होतं.

मांडवात कुंदामावशी धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गात होत्या. त्या गावातली लग्नं वर्षानुवर्षं त्यांच्याच आवाजात लागतात. मी साथ धरली आणि लॅपटॉप अडखळायला लागला. तार छेडली की सनई जरा उशिराच वाजायची. मावशी माझ्यासाठी थांबायच्या, मग घाई करायच्या. शेवटी त्यांनी गाणंच थांबवलं.

"माजाच ताल चुकतो काय रं? वय झालं माजं."

"नाही हो मावशी, हे मशीन मागे पडतंय."

लॅपटॉप बंद करून नुसती गिटार वाजवली. तरी "आता माज्यानं व्हनार नाय" म्हणत त्या बाजूला जाऊन बसल्या. पुढचे धवले त्यांच्या सुनेने म्हटले.

खारघरचा मित्र म्हणतो, सॉफ्टवेअर सोड, गिटारला तारांची कंपनं पकडणारा वेगळा पिकअप आणि त्यातून सनई वाजवणारा हार्डवेअरचा डबा लाव, आवाज लगेच येतो. लावेनही. पण मावशींना त्यांचा ताल चुकला नव्हता हे कसं पटवू? तुम्ही काय केलं असतं?