रविवारचे पिक्चर आणि दादाचे संवाद

मला जुने, कुणी न पाहिलेले परदेशी पिक्चर आवडतात. उडी मारताना कमरेची दोरी स्पष्ट दिसणारा तुर्कस्तानचा हीरो. फिलिपाइन्सच्या बेटावर माणसं खाणारी मगरतोंडी बाई. त्यातही इटलीचे भुताचे पिक्चर माझे लाडके. सुरतजवळ पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये मी शेड मॅचिंग करतो. दिवसभर कापडाचे तुकडे दिव्याखाली धरून दोन लालांमधला फरक शोधायचा, हे माझं काम. त्या पिक्चरमधलं रक्त पहिल्याच धुण्यात नारिंगीवर जाईल असं असतं. ते बघून मला फार बरं वाटतं.

रविवारी दुपारी मिलमधले दोन मित्र भेस्तानला माझ्या घरी येतात. दोघेही सुरतचेच, गुजराती, पण मराठी समजणारे. आम्ही हे पिक्चर हसायला बघतो. बायको एकदाच म्हणाली होती, "त्या भुतांपेक्षा तुम्ही तिघं जास्त भेसूर दिसता." ती दुपारी शेजारी जाऊन बसते.

वहिनी गेल्यापासून माझा मोठा भाऊ आमच्याकडे राहतो. आम्ही धुळ्याकडचे. मी शिकावं म्हणून दादाने मिसरूड फुटायच्या आधी यंत्रमाग धरला. सुरतेत त्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात शेजारी उभ्या माणसाचा आवाजही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे सगळे ओठांवरून बोलणं वाचतात. दादा तर दोन रांगा पलीकडच्या कारागिराने शेठला दिलेली शिवी वाचून हसायचा. लहानपणी मी डबा घेऊन जायचो तेव्हा तो लांबूनच ओठ हलवून विचारायचा, "जेवला का?" आणि मला कळायचं. पुढे यंत्रांनी त्याचे कान पूर्ण खाल्ले. ओठ वाचणं तेवढं राहिलं.

इटलीचे ते पिक्चर त्याला चकवायचे. तिथे नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि आवाज मागून चिकटवायचे. दादा डोळे बारीक करून बघायचा आणि मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात आम्हाला अहिराणीत अर्थ सांगायचा. एका सरदारणीने पांढऱ्या गाऊनमध्ये ओठ थरथरवले, तर दादा ओरडला, "ती म्हनस, तू गया तं मी इहिरमा उडी टाकसू!"

मित्र गादीवर लोळले. अहिराणी त्यांना कळत नाही, म्हणून मी गुजरातीत अर्थ सांगितल्यावर पुन्हा लोळले.

तेव्हापासून तोच खेळ झाला. मी आवाज बंद करायचो आणि बोट दाखवून दादाला विचारायचो, हा काय म्हणतो? तो सांगायचा. मी त्याचे व्हिडिओ काढून मिलच्या ग्रुपवर टाकायला लागलो. सोमवारी प्रिंटिंगवालेही मला "इहिर", म्हणजे विहीर, म्हणून हाक मारायचे. आठवडाभर मी पिक्चर शोधायचो ते दादा कुठे जास्त फसेल हे बघून. आणि तो रविवारी सकाळीच अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा, दाढी करायचा. टीव्हीच्या बाजूला खुर्ची तिरकी टाकायचा, कारण आम्ही हसतो ते त्याला बघायचं असायचं.

एका रविवारी एक मित्र शेंगदाणे तोंडात टाकत म्हणाला, "तारो भाई तो मफतनो कॉमेडियन छे, यार. पण रोज सांभाळायला कठीण जात असेल ना?"

दादा पडद्याकडे बघत होता. म्हणजे मला तसं वाटलं. मी हसत, स्वच्छ मराठीत म्हणालो, "बसू दे त्याला. नाहीतर दिवसभर दाराकडे बघत बसतो. कुत्र्यालाही कुणी बोलावलं की तो शेपूट हलवतो."

दादा किती नेमके ओठ वाचतो हे मित्रांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझे ओठ तर तो मी बोलायला शिकलो तेव्हापासून बघतोय.

त्याने काही दाखवलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा इस्त्रीचा शर्ट. पडद्यावर कबरस्तानात एक पाद्री तरुणाच्या कानाला लागला होता. मी सवयीने आवाज बंद केला. मित्र म्हणाला, "बोलो दादा, काय म्हणतो पुजारी?"

दादाने नेहमीसारखे डोळे बारीक केले. मग म्हणाला, "म्हनस, बसू दे त्याले. नाहीतं दिवसभर दारकडे देखत बसस. कुत्राले बी कोनी बलावं तं तो शेपटी हालावस."

"वाह दादा!" मित्रांनी अर्थ न विचारताच टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी तो पाद्रीचाच संवाद होता. दादाही हसत होता, पण माझ्या तोंडाकडे बघत. तो माझ्यासाठी थांबला होता. मी नुसते ओठ हलवले असते, "चुकलो", तर मित्रांना पत्ता न लागता त्याला पोचलं असतं. तेवढं करायला आवाजही लागत नव्हता.

मी टाळी वाजवली.

एरवी आता मी जवळ जाऊन काही बोलायला लागलो की तो डोळे मिटून घेतो. न ऐकणाऱ्याने डोळे मिटले की पुढे बोलायची सोय राहत नाही. एकदा मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवला नाही, पण डोळेही उघडले नाहीत. रविवारी मात्र ते उघडे असतात, तो ताठ बसतो आणि मित्रांना हवे ते संवाद सांगतो. फक्त खुर्ची त्याने आमच्या पुढे आणून सरळ टीव्हीकडे वळवली आहे आणि आमच्याकडे त्याची पाठ असते. त्याला माझे ओठ दिसायचे तर मला उठून टीव्हीसमोर, दोघांच्या देखत उभं राहावं लागेल. मित्र बाजूला हो म्हणून ओरडतील, "खस ने, देखातुं नथी!"

मागच्या रविवारी मी अर्धा उठलो होतो. एकाने विचारलं, "शुं थयुं?"

"काही नाही," मी म्हणालो आणि आणखी शेंगदाणे आणायला आत गेलो.