भरदुपारची किल्ली

नवऱ्याच्या प्लांटमध्ये आग लागली आणि थोड्याच वेळात विझलीही. त्याला ओरखडासुद्धा आला नाही. घरी येऊन त्याने आंघोळ केली, जेवला आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेला. आवाज यायला लागला तो मला.

सौदीतल्या या जुबैल शहरात भरदुपारी कॉलनीत चिटपाखरू नसतं. नवरा कामावर, मुलगी शाळेत. अशा वेळी आमच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरायची. अगदी स्पष्ट. मी जाऊन पाहायचे, तर दार बंद आणि बाहेर रिकामा जिना. छाती धडधडायची, तळहात गार पडायचे. डॉक्टरांनी ईसीजी काढला. "हृदय ठणठणीत आहे, ही अँग्झायटी," म्हणाले आणि गोळ्या दिल्या. धडधड कमी झाली, पण किल्ली काही थांबली नाही.

वरच्या मजल्यावर एक चिनी बाई राहायची. आपल्या गावी ती वडिलांबरोबर पारंपरिक वैद्यकी करायची. एकदा जिन्यात माझा चेहरा पाहून ती मला घरी घेऊन गेली. माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसली, मग दुसऱ्या मनगटावर. आवाजाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. ती फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये चिनीत काहीतरी बोलली आणि ॲपमधल्या बाईच्या कोरड्या आवाजाने हिंदीत सांगितलं, "आपके हृदय में जो रहता है, वह बाहर है. वह घर आना चाहता है."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिच्या वैद्यकीत मन हृदयात राहतं आणि मोठी भीती बसली की ते जागा सोडतं, हे तिने नंतर समजावलं. मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन शिरांच्या मध्ये कुठे दाबायचं ते दाखवलं. संध्याकाळी पाय गरम पाण्यात बुडवून बसायचं आणि डॉक्टरांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत, असं बजावलं.

मी तसं करत गेले. किल्ली वाजली की दाराकडे धावायचं नाही. मनगट दाबून सावकाश श्वास सोडायचा. आवाज लांब जात जात एक दिवस बंद झाला.

पुढे एका सुट्टीच्या दुपारी शेजारी पडलेला नवरा दचकून उठला.

"कोण आलं गं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो अनवाणी दारापर्यंत जाऊन परत आला. मी त्याचा हात धरला, तर तो बर्फासारखा गार.

"कधीपासून ऐकतोयस?"

"आगीनंतर," तो म्हणाला. "मी बाहेर आलो, हे मला माहीत आहे. पण सारखं वाटतं, मी अजून आतच आहे."

इतके दिवस आम्ही दोघं एकच आवाज एकमेकांपासून लपवत होतो.

मी त्याला वर घेऊन गेले. त्या बाईने त्याच्या दोन्ही मनगटांची नाडी पाहिली. मग तिने फोन उलटा करून ठेवला, उठली आणि आपल्या घराचं दार सताड उघडलं. आम्ही निघेपर्यंत ते तसंच होतं, बाहेर राहिलेल्याला आत येता यावं म्हणून.

त्या संध्याकाळी त्याने पहिल्यांदा सांगितलं, धुरात काय काय दिसलं ते. सांगताना तो रडला. पुढच्या आठवड्यात आपणहून डॉक्टरांकडे गेला.