बाधा आणि बुरिटो

रविवार. सकाळी देवपूजा केली, कपडे मशीनला लावले. दुपारी मुगाची खिचडी. संध्याकाळी स्कूटर काढून फतेगंजला गेलो आणि एक बुरिटो खाल्ला.

खरं तर एवढंच झालं. पण वर्षभराने झालं... आणि आमचा रविवारचा उद्योग तुमच्यापैकी काही जणांना माहीत आहे, म्हणून लिहितोय.

माझ्या बायकोला, विजयाला, बुरिटोची ओळख आमच्या मुलीने करून दिली. मृणाल बंगळुरूहून आली होती, तिने अ‍ॅपवरून मागवला. "राजमा-भात पोळीत गुंडाळायचे एवढे पैसे?" असं म्हणत विजयाने तो शेवटपर्यंत खाल्ला... आणि फॉइल उलगडून त्याला लागलेलं चीजही बोटाने पुसून घेतलं.

मग तिने ठरवलं, बडोद्यात चांगला आणि स्वस्त बुरिटो मिळालाच पाहिजे. मी नुकताच रिटायर झालो होतो, स्कूटर होतीच. दर रविवारी एक नवी जागा.

तिच्या अटी ठरलेल्या. दोघांचं खाणं येण्याजाण्याच्या रिक्षाभाड्यापेक्षा महाग नको. पोळी फाटलेली नको. राजम्यात साखर नको... ही शेवटची अट आपल्या गावात भलतीच अवघड. प्रतापनगरला एकाने वरून शेव भुरभुरली. इथे कारेलीबागेत, आमच्या घराजवळच, आत चक्क बटाट्याची भाजी निघाली. "हा बुरिटो नाही, डब्यातली पोळीभाजी आहे," विजया त्याच्या तोंडावर म्हणाली. तो शांतपणे म्हणाला, "आंटी, चटणी आपुं?" चटणी घेऊन तिने तोही संपवला.

फॉइल मात्र टाकायची नाही. पर्समध्ये घालून घरी आणायची, धुवायची, खिडकीत वाळत घालायची. मी म्हणायचो, भांडी घासायला बाई आहे आणि फॉइल घासायला तू...

या सगळ्यात मी नुसता ड्रायव्हर, असं तिचं मत. "तुम्हाला काय, काहीही वाढलं तरी 'बरं आहे' म्हणाल." ते खरंच होतं. 'बरं आहे'च्या पुढे मी फारसा जात नाही.

ती आजारी पडली तेव्हा शेजारच्या हंसाबेननी मला बाधा घ्यायला सांगितलं. आपण नवस बोलतो तसंच, फक्त यात आपलं माणूस बरं होईपर्यंत आपली सगळ्यात आवडती वस्तू सोडायची. हॉस्पिटलच्या आवारात देवीचं छोटंसं देऊळ होतं. तिथे हात जोडले आणि बुरिटो सोडला.

वर जाऊन विजयाला सांगितलं, तर ती इतकी हसली की नर्स बघायला आली. "अहो, आवड माझी आणि सोडलात तुम्ही? अशी बाधा देवी मोजत नाही. चहा सोडायचा होतात!" चहा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आवडतं काय, असं मनाला विचारलं तेव्हा तेच पुढे आलं...

ती बरी झाली नाही. बाधा तशीच राहिली. ती कशी सोडवायची मला माहीत नव्हतं, कुणाला विचारलंही नाही. बुरिटोच्या गाड्या लागतात तो फतेगंजचा रस्ता टाळायचो, एवढंच. शिवाय देवीने ती मोजलीच नसेल, हे विजयाचं वाक्य अधूनमधून टोचायचं... चहा सोडला असता तर, असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं, मृणाल येऊन गेली. आज दुपारी हंसाबेन वाटी परत द्यायला आल्या आणि बोलता बोलता बाधेचा विषय निघाला. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे भाई! हजी पाळो छो?" अजून पाळताय?

घरात जाऊन त्या नारळ घेऊन आल्या. सोसायटीच्या देवळात मला फोडायला लावला. "विजयाबेन आता माताजीकडे आहेत, त्यांचं काय ते माताजी बघेल. तुमची बाधा पूरी थई. हवे जाओ, खाई आवो!" खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून त्या निघून गेल्या. आता जा, खाऊन या... तो हुकूमच होता.

फतेगंजला एक नवी गाडी लागली आहे, नवरा-बायको मिळून चालवतात. "जैन के रेग्युलर, काका?" रेग्युलर, म्हटलं. मग म्हणालो, भरण्याआधी पोळी जरा उचलून दाखवाल का? हे विजयाचं नेहमीचं वाक्य. माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

बाई नवऱ्याला म्हणाली, "जो, काका तो इन्स्पेक्टर छे!" आणि तिने पोळी दोन्ही हातांनी बल्बसमोर धरली. कुठे भोक नाही.

स्कूटरवर बसून खाल्ला. भात गरम होता, राजम्यात साखर नव्हती, पोळी कडेने छान भाजलेली. रिक्षाभाड्याच्या हिशोबातही बसत होता.

आणि मला तो आवडला. 'बरं आहे' नाही... आवडला. खाता खाता लक्षात आलं की वर्षभर मला याची फार आठवण येत होती. मी खरंच मन मारून राहिलो होतो. म्हणजे सोडली होती ती माझीच आवडती वस्तू होती. देवीने मोजली असणार... विजया, तुझंच चुकलं!

"केवुं लाग्युं, काका?" गाडीवरच्या बाईने विचारलं. "बहु सरस," मी म्हणालो. माझं मलाच हसू आलं.

हंसाबेन, तुमचे आभार कसे मानू... पुढच्या रविवारी तुमच्यासाठी एक जैन घेऊन येतो.

घरी आलो. खिशातून फॉइल काढली, साबण लावून धुतली आणि खिडकीत वाळत घातली.