जांभळी नखे

माझ्या छातीवर एक पांढरट, उभी रेघ आहे. तिच्याविषयी मी सगळ्यांना सांगितले — नवऱ्याला, मैत्रिणींना, माझ्या मुलीला. जन्मतःच हृदयाला छिद्र होते, दहाव्या वर्षी ते शिवले. त्या रेघेच्या आत जे राहिले आहे, ते मात्र आजवर एकाही माणसाला कळलेले नाही. तुम्हाला सांगते — अडखळले तर थांबा थोडे.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरात आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. दिवसचे दिवस. तिच्या आजाराला घरात नाव नव्हते. 'तिला बरं नाही' एवढेच म्हणत. खाली बाबांचे दुकान, रिक्षांचे हॉर्न, अत्तराचा तरंगत येणारा वास — आणि वर ती, पाण्याखाली निजल्यासारखी. फक्त सकाळी उठायची. माझा हात खिडकीतल्या उजेडात धरायची आणि एकेक नख निरखायची. दमले की माझी नखे, ओठ जांभळे पडत ना — म्हणून. तिची बोटे गार असत. दिवसभरातला तिचा तेवढाच स्पर्श. दहा नखे संपेपर्यंत ती माझी असे.

शस्त्रक्रिया झाली. नखे गुलाबी झाली. गल्लीभर पेढे वाटले. आणि आईने — हळूहळू — माझा हात धरणे सोडून दिले. बरे झाल्याचे दुःख होते का हो कुणाला? मला झाले.

पुढच्या वर्षी मामा लासूर स्टेशनहून आला. तिला महिनाभर माहेरी न्यायचे, मनाच्या डॉक्टरांना दाखवायचे, असे ठरले होते. पानाच्या द्रोणात त्याने माझ्यासाठी जांभळे आणली होती.

"चल अक्का," तो म्हणाला, "भिंती आमच्याकडं बी हायेत. त्यांच्याकडं बी बघ की जरा!"

आणि आई हसली. कितीतरी महिन्यांनी. स्वतः उठून पिशवी भरू लागली.

माझ्या आजारावाचून ती हसू शकते? मला सोडून जाऊ शकते?

मामा रिक्षा आणायला उतरला. मी चार जांभळे उचलली. एकही खाल्ले नाही — नखांवर चोळली, ओठांवर चोळली, आणि जिन्यात बसून धापा टाकू लागले.

आईच्या हातून पिशवी गळाली. तिने मला खिडकीशी ओढले — तोच उजेड, तीच गार बोटे — आणि क्षणभर माझ्याइतके सुखी कुणी नव्हते. मग ती किंचाळली आणि अनवाणीच रस्त्यावर धावली.

तेव्हा मी घाबरले. मोरीत जाऊन चिंच-मिठाने घासघास घासले. बाबा आणि मामा तिच्यामागून वर आले, तोवर नखे गुलाबी झाली होती.

"जांभळं चोळलीस का गं? खरं सांग," मामाने विचारले.

कबुलीचे दार उघडेच होते म्हणा ना. एक शब्द पुरला असता.

"नाय."

"अगं, तुला भास झाला," बाबा आईला हळुवारपणे म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली — बाबांच्या म्हणण्याला.

मला सोडून जायला आई तयारच होईना; मामा एकटाच परतला. माझ्या मनासारखे झाले — झाले ना? आई आता दिवसातून वीसदा माझी नखे पाहू लागली. पण पाहून थांबायची नाही, शेजारच्या मावशींना, दूधवाल्यालाही विचारायची, "तुम्हाला कुठला रंग दिसतो?" मीठ घातले की नाही, कडी लावली की नाही — कशाचीच तिला खात्री उरली नाही. डॉक्टरांकडे ती कधीच गेली नाही. आणि मी, शिवलेले धड हृदय घेऊन, तिच्या नजरेखाली जपून पाऊल टाकत मोठी झाले. धावले कधीच नाही.

तिच्या शेवटच्या दिवसांतली एक दुपार. मी चाळिशी ओलांडलेली. तिने माझा हात उजेडात धरला.

"कुठला रंग हाय गं?"

"गुलाबी, आई."

"मला जांभळाच दिसतो. तवा बी तसाच दिसला व्हता." मग थोड्या वेळाने — "जाऊ दे. माझ्या डोळ्यांचं काय खरं."

खोलीत आम्ही दोघीच होतो. ऊन तिच्या उशीपर्यंत आले होते. मी तिची चादर सारखी केली.

तिचे डोळे चांगले होते. तिला बरोबर दिसले होते.