गरम चाकाची हवा

"तापलेल्या माणसाचं आणि तापलेल्या चाकाचं बोलणं मनावर घेऊ नये," असं तो एकदा म्हणाला होता. गिऱ्हाइकं हसली. त्याच्या ताईला मात्र ते वाक्य इतकं आवडलं की तिने ते पत्र्यावर निळ्या रंगात लिहून दिलं. ताई दुकानांच्या पाट्या रंगवायची. हात असा सरळ की तिला रेघ आखावी लागत नसे. ती पाटी त्याच्या टायरच्या दुकानात कॉम्प्रेसरच्या वर टांगलेली होती. गेले दोन महिने तो त्या पाटीकडे पाठ करून काम करत होता.

लोक त्याला काटा म्हणत. अंगाने काटकुळा होता म्हणून, आणि हवा मोजायच्या गेजच्या काट्याशिवाय त्याचा कशावर विश्वास नव्हता म्हणूनही. लाथ मारून हवा तपासणाऱ्यांना तो विचारायचा, "डॉक्टर तुमचा ताप लाथ मारून बघतो का हो?"

भाऊजींनी निवृत्तीनंतर छोटी बोट घेतली, तेव्हा तिच्या दोनचाकी ट्रेलरची हवा ठरवणं ओघानेच त्याच्याकडे आलं. तो मुद्दाम त्यांच्या घरी गेला.

"चाकं एवढीशी, तीस पौंड पुरे की," भाऊजी म्हणाले.

त्याने त्यांना अंगणात गुडघ्यावर बसवून टायरच्या कडेवरचं वाचायला लावलं. थंड असताना साठ. "एवढीशी आहेत म्हणूनच जास्त लागते, भाऊजी. हवा कमी पडली की टायर चेपतो, चेपला की तापतो, तापला की फाटतो." त्याने साठ भरली आणि टोपणं घट्ट लावली.

पुढच्या रविवारी भाऊजी आणि ताई बोट घेऊन तळ्याकडे निघाले. तासभर उन्हातून येऊन वाटेत त्याच्या दुकानासमोर थांबले. दुकानात गर्दी होती.

"मेव्हणेबुवा, ट्रेलर फार उसळतो. बोट आदळते आणि तुमची ताई ओरडते. थोडी हवा काढा."

"दोन तास थांबा. चाकं गार होऊ देत."

"दोन तासांत तळं आटेल हो!"

ताईने खिडकीतून डोकं काढलं. "काढ रे बाबा, नाहीतर हे वजन कमी करायला मलाच इथे उतरवतील."

तो हसला. गेज लावला. अडुसष्ट. मान वर केली असती तर पाटी दिसली असती. त्याने दोन्ही चाकं पंचेचाळीसवर आणली आणि गाडीच्या टपावर थाप मारली. "आता लोण्यासारखा चालेल."

पुढच्या तासाभरात डावं चाक फाटलं. ट्रेलरने गाडी खड्ड्यात ओढली. भाऊजींना खरचटलंसुद्धा नाही. ताईचा उजवा हात कोपरात मोडला. हाड जुळलं, पण बोटं ब्रशभोवती मिटेनात.

भाऊजींनी सगळं आपल्यावर घेतलं. वेग जास्त झाला, म्हणाले. ताई उठताबसता ऐकवायची, "पळवा, अजून पळवा. डावा हात शिल्लक आहे." ते गाडीला हात लावेनासे झाले. काटा दर आठवड्याला जायचा, समोर बसायचा. भाऊजी "वेग जरा जास्तच होता" म्हणाले की मान हलवायचा. परत जाताना ती मान त्याला खांद्यावरच्या ओझ्यासारखी वाटायची.

मग ट्रेलर विकायचं ठरलं. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. भाऊजींनी सकाळीच त्याला बोलावलं. "नवं चाक बसवलंय, ते ठीक आहे. जुनं तेवढं बघून घ्या."

अंगण गारठलेलं होतं. ताई पायरीवर डाव्या हातात कप धरून बसली होती. दोन महिने कोणी त्या चाकाला हात लावला नव्हता. त्याने टोपण काढलं, गेज टेकवला.

"किती?" भाऊजींनी विचारलं.

"अडतीस."

"उतरली असेल एवढ्या दिवसांत."

सुटायला एवढं पुरेसं होतं. त्याने बोट थुंकीने ओलं करून व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवलं. एकही बुडबुडा आला नाही.

"उतरली नाही," तो म्हणाला. "मी काढली होती, त्या दिवशी. चाकं गरम होती, आकडा फुगलेला होता. गार झाल्यावर एवढीच उरणार, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. एवढ्या हवेवर बोटीचं ओझं पेलत नाही, भाऊजी. वेगाचं काही नव्हतं."

ताईने कप खाली ठेवला. "काढ म्हणून मीच म्हटलं होतं."

"तुला कुठे माहीत होतं? मला होतं."

भाऊजी चाकाकडे बघत हळूच म्हणाले, "हवेचं एक वेळ सोड. घाईत होतं माणसाकडून. पण ही मला दोन महिने टोचत होती आणि तू समोर बसून मान हलवत होतास." इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

त्याने गेज पायरीवर ठेवला आणि पायपंप जोडला. पंपावरचा काटा साठवर येईपर्यंत तो दाबत राहिला. टोपण लावलं, पंप गुंडाळला. गेज पायरीवरच राहिला होता. ताईने तो उचलायला आधी उजवा हात पुढे केला, मग सवय बदलून डाव्या हाताने उचलला आणि त्याच्या खिशात खोचला.

त्याने फाटकाची कडी काढली आणि बाहेर पडला.