बोटचेपी डाळ

"ऊन फुकट चाललाय, आन ही लोकं पडदे लावून बसल्यात."

जिन्यातून वर जाता जाता कुणीतरी हे म्हणालं. डोंबिवलीच्या त्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आईने खिडकीला नवा पडदा लावला होता आणि मी त्याच्यामागे पुस्तक घेऊन बसले होते. आवाजात राग नव्हता. गॅसवरचं दूध उतू चाललंय हे पाहून शेजारीण जशी सांगेल, तशी त्यात काळजी होती. आई हळूच म्हणाली, "घरमालक दिसतायत." मी पडदा वीतभर सरकवला. पावलं थांबली, "हां," असा समाधानाचा आवाज आला आणि पावलं वर गेली.

सूर्य ही आपली वडिलोपार्जित मिळकत आहे आणि तिची नासाडी होऊ न देणं हे आपलं काम आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे हे घरमालक. ते राहायचे सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणून आम्ही त्यांना वरचे काका म्हणायचो. त्यांचे वडील आणि आजोबा ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरावर राबलेले. खाजणातलं पाणी वाफ्यांत घ्यायचं आणि ऊन त्याचं मीठ पिकवतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. "आमच्या मिठाला कधी लाकडं लागली का?" ते विचारायचे आणि वर बोट करायचे. "यानं पिकवलाय." सूर्याचं नाव ते घेत नसत. हा म्हणत. हा आज उशिरा आला, याला आज सर्दी झाली. काकू म्हणायच्या, "यांचा पहिला लगीन त्याच्याशीच झालाय. मी आपली मागनं आलेली."

ठाण्याच्या एका कारखान्यातली नोकरी मुदतीआधीच सोडून काका गच्चीवर सूर्यचुली बनवायचे. पत्र्याची पेटी, आतून काळा रंग, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा आणि आत काळे रंगवलेले चार डबे. या पेटीत ते वरण-भात करायचे, अंडी उकडायचे, दाढीचं पाणी तापवायचे. सकाळचा चहाही तिच्यातच ठेवायचे आणि तो अकराच्या सुमारास प्यायचे. त्यांनी जेवायला बोलावलं तर वेळ सांगत नसत. "डाल झाली का हाक मारीन," म्हणत. एकदा बाबांना अशी हाक दुपारी चार वाजता आली, तेव्हा बाबा घरी जेवून, झोपून, उठून दुसरा चहा पीत होते. तरी ते गेले आणि पुन्हा जेवले, कारण काका दारात उभे राहून वाट बघत होते. माझ्या मावशीसाठी कल्याणचं स्थळ आलं तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार यांतलं काही काकांनी विचारलं नाही. "गच्ची आहे का? दक्षिणेला मोकली आहे का?" एवढंच विचारलं. दक्षिणेला गोदाम होतं. काकांनी मान हलवली. ते स्थळ पुढे दुसऱ्याच कारणाने मोडलं, पण काका मात्र गोदामाचंच नाव घेत राहिले.

कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. "वाईट नाय" ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी, आणि तीही वर्षाकाठी एखाद्याच्या वाट्याला यायची. लग्नानंतर काकूंनी पहिल्यांदा केलेलं जेवण कसं झालं होतं, हे मी एकदा त्यांना विचारलं. काकू म्हणाल्या, "म्हनाले, जेवलो."

माझी आणि काकांची गाठ पडली ती इंग्रजीमुळे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तेव्हा बी.एस्‌सी.ला होते, आणि बोलायची वेळ आली की मी दोन शब्दांत आटपायचे, मग भाषा कुठलीही असो. पण काकांच्या लेखी इंग्रजी येणं म्हणजे इंग्रजी बोलणं. ठाण्याच्या एका कॉलेजातर्फे परदेशी मुलं सुट्टीत इथल्या कारखान्यांत काम शिकायला येत. त्यातल्या एका मुलाला उन्हावर चालणाऱ्या यंत्रांचं काम शिकायचं होतं आणि साऱ्या ठाणे जिल्ह्यात त्यासाठी काकांशिवाय कुणाचंच नाव पुढे आलं नाही. कॉलेजचं पत्र मीच वाचून दाखवलं. त्यात समर ट्रेनिंग असं लिहिलं होतं. "म्हंजे उन्हाळ्यात," काका म्हणाले, आणि मीही मान डोलावली. समर म्हणजे उन्हाळा हे मी पहिलीत पाठ केलं होतं.

काकांनी एप्रिलमध्ये गच्ची धुऊन घेतली. नवा पत्रा, काच, आरसे आणले. मे महिनाभर ते रोज दुपारी टोपी घालून गच्चीवर बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. एवढं कडक ऊन आणि पाहुणा नाही, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. मुलगा फिनलंडचा होता आणि तिथे समर जुलैत असतो हे आम्हाला कळलं ते जुलैत, जेव्हा धो धो पावसात एक उंच, लालबुंद मुलगा पाठीवर पिशवी घेऊन रिक्षातून उतरला आणि आमच्या दारात निथळत उभा राहिला. त्याचं नाव आर्वो. काकूंनी त्याला टॉवेल दिला आणि संध्याकाळपर्यंत त्याचा अरविंद करून टाकला.

काका त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी आभाळाकडे बघितलं. "याला विचार, तुमच्याकडं ऊन कसा आसतो?" मी विचारलं. आर्वोने सांगितलं की त्याच्या गावी थंडीत काही आठवडे सूर्य उगवतच नाही. मी हे काकांना सांगितलं. कुणाच्या घरचं माणूस गेल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग काकूंना म्हणाले, "पोराला अजून एक भाकरी वाढ गो."

अट काकांनीच घातली होती, आणि कॉलेजमार्फत ती फिनलंडपर्यंत पोचली होती: स्वतः बनवलेल्या सूर्यचुलीत तुरीची डाळ शिजवायची. शिजली तर शिकला. शिकला असं काकांनी सांगितलं तरच त्याच्या कॉलेजात हे काम धरणार होते, नाहीतर त्याला ते वर्ष पुन्हा करावं लागणार होतं. काकांना आधी ही अट म्हणजे गंमत वाटली असणार. मे महिन्यात डाळ कुणाचीही शिजते.

आर्वोची पेटी पंधरवड्यात तयार झाली. ऊन मात्र नव्हतं. मग काकांनी त्याला साठवलेलं ऊन शिकवायला घेतलं. काकूंचे डबे एकेक करून उघडले. पापड, सुक्या मिरच्या, सुकी मासळी म्हणजे जवळा. "हा मे महिन्याचा ऊन. हा एप्रिलचा, जरा हलका." आर्वो प्रत्येक डब्यात नाक घालून वास घ्यायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा. जवळ्याच्या वेळी त्याने डोळे मिटले, पण नाक मागे घेतलं नाही. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगा टिकनार."

दुभाषी म्हणून मी फारशी उपयोगाची नव्हते. काका मिठागराच्या वाफ्यांपासून सुरुवात करून, आजोबांना लागलेली उन्हाची झळ, पत्र्याची जाडी आणि आरशाचा कोन असं बोलत बोलत शेवटाला यायचे, आणि मी आर्वोला सांगायचे, "आरसा थोडा वर कर." काका चमकून विचारायचे, "एवढाच?" मी मान डोलवायचे. एकदा ते म्हणाले, "पोरी, तुझा बोलना बोटचेपा आहे."

मला तो शब्द माहीत नव्हता. मी घरी जाऊन विचारणारच होते, पण काकूंनी मला आत बोलावलं. भाताच्या पातेल्यातून एक शीत काढून माझ्या बोटांत दिलं. "दाब." ते वरून चेपलं गेलं, पण मध्ये बारीकशी कणी लागली. "ह्याला म्हंतात बोटचेपा. शिजल्यासारखा दिसतो, पन शिजलेला नसतो." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांचा मनावर नको घेऊ. अजून जरा वाफ दे, का झाला."

श्रावण लागला तसं ऊन तुकड्यातुकड्याने यायला लागलं. दहा मिनिटं लख्ख, पुन्हा झाकोळ. काका आणि आर्वो पेट्या घेऊन गच्चीभर उन्हामागे पळायचे. खालच्या मजल्यावरच्या बायका कपडे वाळत घालता घालता विचारायच्या, "काय काका, सापडलं का?" आणि काका धापा टाकत म्हणायचे, "आताच इथं होता." डाळ रोज कच्ची राहायची आणि आर्वोची जायची तारीख जवळ येत होती. मग एक दिवस आर्वोने काकूंकडे जुन्या गोधड्या मागितल्या. कुठल्याशा भातगिरणीतून पोतंभर तूस आणलं, पेटीच्या भोवती ते ठासून भरलं, वर गोधड्या बांधल्या. काकांनी विचारलं, हे काय. आर्वो म्हणाला, आणि मी तेवढंच सांगितलं, कारण तो तेवढंच म्हणाला होता, "आमच्याकडे ऊन मिळत नाही. म्हणून आलेली ऊब जाऊ देत नाही."

काका गोधडीकडे बघत राहिले. "म्हातारीला थंडी वाजल्यावानी दिसतो," एवढंच म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळी दोघांनी शेजारी शेजारी पेट्या ठेवल्या. ऊन आलं, गेलं, परत आलं. चार वाजता आभाळ पूर्ण भरलं. काकांनी आर्वोचा डबा उघडला, एक दाणा घेतला, अंगठा आणि बोटात धरून दाबला. आम्ही तिघं बघत होतो. त्यांनी दुसरा दाणा घेतला. मग तिसरा. "बोटचेपी," ते म्हणाले. मग स्वतःचा डबा उघडला, आत पाहिलं, एक दाणा दाबला, झाकण लावलं आणि डबा पाण्याच्या टाकीमागे ठेवून दिला. आर्वो तेव्हा गोधडी सोडत होता आणि काकू खाली गेल्या होत्या. हे मी एकटीनेच पाहिलं. काका पायरीवर बसल्यावर मी टाकीमागे गेले. तिथून परत येताना आर्वोच्या डब्यापाशीही थांबले, तरी कुणी मला काही विचारलं नाही. मी तशीही फार आवाज न करता वावरणारी.

संध्याकाळी फिनलंडला फोन लावून आर्वोच्या प्रोफेसरांशी बोलायचं ठरलं होतं. आमच्या इमारतीखाली एस.टी.डी.-आय.एस.डी. फोनचं दुकान होतं, त्याच्या काचेच्या केबिनमध्ये आम्ही तिघं कसेबसे मावलो. आर्वो दोन वाक्यं बोलला आणि त्याने रिसीव्हर काकांच्या हातात दिला. त्याचा लाल चेहरा पांढरा पडला होता. घटकाभराचं ऊन वाया गेलं तर ज्यांना जेवण जात नसे, त्यांच्या एका शब्दावर आता एका मुलाचं अख्खं वर्ष होतं, आणि ते खोटं बोलणार नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं.

काका सरळ मराठीत सुरू झाले. समोरच्याला कळत नसेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. "सायेब, डाल नाय शिजली. बोटचेपी राहिली. खोटा मी बोलनार नाय. पन चूक पोराची नाय. हा वरचा, हा माझा, त्यानं मला तोंडावर पाडला. पाव्हना घरी आला आन मी त्याला ऊन नाय देऊ शकलो. काय लिवायचा ते माझ्या नावावर लिवा."  मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे धरला. "सांग. समदा सांग. बोटचेपा नको."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्या दक्षिणेला सात मजली इमारत उभी राहिली आणि दुपारनंतर गच्चीवर सावली यायला लागली. शेवटची दोन वर्षं ते तिथेच खुर्ची टाकून बसायचे, सावली सरकेल तशी खुर्ची सरकवत. काकू आमच्या गॅलरीत पापड वाळत घालायच्या. आर्वोचं वर्ष वाया गेलं नाही. पुढच्या थंडीत त्याचा एक फोटो आला, सगळीकडे बर्फ आणि मध्ये डोंबिवलीची गोधडी गुंडाळलेली पेटी. काकांनी तो कितीतरी वेळ पाहिला, आणि काकूंना परत देताना म्हणाले, "वाईट नाय." मी आता शिकवते. वर्गात रोज तासन्‌तास बोलते आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. खिडकीचे पडदे मी आधी सरकवते, मग हजेरी घेते.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. हातात रिसीव्हर होता, पलीकडे एक अनोळखी माणूस शांतपणे वाट बघत होता, आणि मला नेहमीसारखं दोन शब्दांत आटपावंसं वाटत होतं. काकांचं बोलणं मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितलं, त्यांच्या त्या वरच्यासकट. बोटचेपीला शब्द सापडला नाही, म्हणून तोच ठेवला आणि फोनवर न दिसणारी दोन बोटं हवेत दाबून दाखवली. पलीकडून प्रश्न आला, म्हणजे तो शिकला की नाही शिकला? काका माझ्याकडे बघत होते. आर्वो जमिनीकडे. आणि मी म्हणाले:

"सर, हे पुढचं काका म्हणाले नाहीत, मी म्हणते आहे. त्याच उन्हात काकांनी स्वतःचीही डाळ ठेवली होती. ती खड्यासारखी राहिली. आर्वोची चेपली जाते. दोन्ही मी स्वतः दाबून पाहिल्या आहेत."