समस्त पिंपळगावकर

आडनावाचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. आडनाव पिंपळगावकर असलं की ते रस्त्यात भेटतात! आमच्या मराठवाड्यात एक पिंपळ आणि त्याच्या बाजूला चार घरं दिसली की ते पिंपळगाव. आणि अशा प्रत्येक पिंपळगावातून कोणी ना कोणी नांदेडला नाहीतर लातूरला येऊन पिंपळगावकर झालेला आहे. मित्रांत बसलो की मी हे किस्से सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. पूर्वी मीही हसायचो. अण्णा गेल्यापासून मात्र मधेच थांबायला होतं.

*

अण्णा म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीतून रिटायर झालेले. एकदा त्यांची दाढ दुखत होती म्हणून मी त्यांना नांदेडला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. कंपाउंडरनं दारातून हाक मारली, "पिंपळगावकर!"

दोन माणसं उठली. एक अण्णा. दुसरे धर्माबादचे भूमन्ना, मिरचीचे व्यापारी. दोघांचाही हात गालावर. एकाच आडनावाचे निघाल्यामुळं दोघांनाही एकदम सौजन्याचा झटका आला. "तुम्ही आधी", "न्हाई न्हाई, तुमी", असं बराच वेळ चाललं. तेवढ्यात तिसराच एक माणूस आत जाऊन दाढ काढून आला.

बाहेर आल्यावर कळलं, तोही पिंपळगावकरच!

*

अण्णांनी तिथंच भूमन्नांचा नंबर घेतला आणि घरी येताच व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. नाव, 'समस्त पिंपळगावकर परिवार'.

हे खूळ का, ते सांगतो. माझ्या पणजोबांनी निजामाच्या काळात गाव सोडलं आणि लातूरच्या कचेरीत पेशकाराची नोकरी धरली. तेव्हापासून गावाशी संबंध तुटला. आजोबा वारले तेव्हा भावकीतलं एक माणूस आलं नाही, कारण भावकी कुठं आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. तिरडीला खांदा दिला तो गल्लीतल्यांनी. अण्णा तेव्हा तरुण होते, आणि ते त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही. मला म्हणायचे, "शेजारी खांदा देतो रे, पण मग घरी जाऊन आपला सण करतो. भावकी आपल्याबरोबर दुःख पाळते. माझ्या मागं कोणी पाळणारं असावं."

ग्रुप भराभर वाढला. सकाळी उठल्याबरोबर अण्णा सगळ्यांना गुलाबाचं फूल पाठवत. कोणाचं पोरगं पास झालं की अण्णांना घरचंच पोरगं पास झाल्याचा आनंद व्हायचा. पेढे मात्र आम्हाला आणायला लावायचे.

*

मग संमेलन. लातुरात मंगल कार्यालय घेतलं, फेटे आणले. अण्णा स्टेजवरून सांगू लागले की आपला मूळ पुरुष एक, आपण त्याच्या वेगवेगळ्या शाखा. टाळ्या पडल्या. माझ्या मावशीनं तर स्वतःच्या मुलीला समोरच्या रांगेतल्या पोरांकडं बोट करून सांगितलं की हे सगळे तुझे भाऊ, ओळख करून घे.

तेवढ्यात मागून एका निवृत्त हेडमास्तरांनी हात वर केला. "अध्यक्ष महाराज, पण कोणतं पिंपळगाव?"

झालं! कोणी म्हणालं नायगावकडचं, कोणी माहूरच्या डोंगरातलं. निलंग्याचा एक गृहस्थ तर अर्धं कानडीतच भांडायला लागला. कुलदैवतं निघाली तीसुद्धा वेगवेगळी. अण्णांचा मूळ पुरुष जेवणाच्या आधीच वारला.

आमची मावशी आडनावानं पिंपळगावकरांचीच सून, पण बाई हुशार. रक्ताचं नातं नाही एवढं कळल्याबरोबर तिनं पर्समधून मुलीचा बायोडाटा काढला. सकाळचे भाऊ दुपारी स्थळं झाले!

लोक इथं सगळ्यात जास्त हसतात. पण खरा घात इथंच झाला. भाऊ होते तोवर कोणी कोणाला जात विचारली नव्हती. सोयरिकीची गोष्ट निघाली आणि पहिला प्रश्न तोच आला. एकाच पंगतीत बसलेली माणसं पाट सरकवायला लागली. मठ्ठा वाढेपर्यंत तीन पंगती झाल्या होत्या. अण्णा हातात वाढायची बादली घेऊन नुसते उभे होते.

*

तरी अण्णांनी हार मानली नाही. आपलं मूळ गाव तरी गाठू, असं म्हणून ते मला आणि भूमन्नांना घेऊन नायगावकडच्या आमच्या पिंपळगावला गेले. भूमन्नांचा खरं तर काही संबंध नव्हता. त्यांचं पिंपळगाव वेगळं, जात वेगळी, घरात तेलुगू. पण ते आले, आणि गाडीभाडंही देऊ लागले.

पारावर एक म्हातारा बसला होता. अण्णांनी मोठ्या उमेदीनं विचारलं की इथं पिंपळगावकरांची घरं कुठं आहेत.

म्हातारा आमच्याकडं बघतच राहिला. "हितं कोन कशाला पिंपळगावकर व्हईल? हितं काळे हायत, शिंदे हायत, शेख हायत. जो गाव सोडून गेला त्यो पिंपळगावकर."

अण्णा गाडीत येऊन बसले. इतकी वर्षं जे नाव दारावर पितळेच्या पाटीवर मिरवलं, ते गावानं दिलेलं नव्हतंच. गाव सुटल्यावर लागलं होतं. परतताना नायगाव ओलांडल्यावर भूमन्ना म्हणाले, "अण्णा, सोडून आलेले तर आपन दोघंबी हाव."

*

ग्रुपमधून रोज कोणी ना कोणी 'लेफ्ट' व्हायला लागलं. जातीजातीचे नवे ग्रुप निघाले. त्यातल्या एकानं तर अण्णांनाच मेसेज केला, तुमच्याकडची नंबरांची लिस्ट पाठवा म्हणून! शेवटी 'समस्त पिंपळगावकर परिवारा'त तिघं उरलो. अण्णा, भूमन्ना आणि मी. अण्णा सकाळी गुलाब पाठवायचे. भूमन्ना त्यावर मिरचीचा भाव टाकायचे. मी दोघांना अंगठा दाखवायचो. ग्रुप व्यवस्थित चालू होता.

*

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. सोडून गेलेल्या बऱ्याच पिंपळगावकरांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. भूमन्ना स्मशानात आले, शेवटपर्यंत मागं उभे राहिले आणि धर्माबादच्या गाडीत बसले. खांदा द्यायला गल्लीतलेच होते. अण्णांनी आयुष्यभर ज्याची भीती बाळगली ते तसंच घडलं, आणि मला काही करता आलं नाही.

दिवाळी आली. आमच्याकडं कढई चढणार नव्हती, म्हणून शेजारपाजारचे लोक फराळाचे डबे घेऊन येत होते. बायकोच्या माहेरून आला, माझ्या ऑफिसातून आला, दूधवाल्यानंसुद्धा चार लाडू आणून दिले. भूमन्नांकडून मात्र काहीच आलं नाही. बायको म्हणाली, "अण्णांचा एवढा जीव होता त्यांच्यावर. साधा डबा नाही हो पाठवला." मी त्यांची बाजू घेतली, पण मलाही ते लागलं होतं.

भाऊबीजेला धर्माबादला बहिणीकडं जाणं झालं. जाता जाता भूमन्नांच्या घरी डोकावलो. सगळ्या गल्लीत आकाशकंदील, त्यांच्या दारात अंधार. रांगोळी नाही. भूमन्नांच्या बायकोनं चहाबरोबर दोन बिस्किटं ठेवली आणि ओशाळून म्हणाली, "गोडाचं काई न्हाई बगा भाऊ. यंदा आमच्यात दिवाळी न्हाई."

मी चरकलो. भूमन्नांना म्हणालो, "काका, घरात कोण गेलं? मला कळवलं पण नाही तुम्ही."

भूमन्नांनी माझ्याकडं पाहिलं. मी असं कसं विचारतो, हेच त्यांना कळेना.

"अण्णा गेले न्हवं का," ते म्हणाले.